पेशीतील मध्यस्थ

विळीवर भाजी चिरताना बोट कापते. थोड्या वेळाने रक्त थांबते, खपली धरते आणि आठवडाभरात त्या खपलीखाली नवी त्वचा आलेली दिसते. जखमेच्या कडेला असलेल्या पेशींनी विभाजित होऊन ही पोकळी भरून काढलेली असते. त्या पेशी आदल्या दिवशीही तेथेच होत्या. परंतु तेव्हा त्या इतक्या झपाट्याने वाढत नव्हत्या. मग आताच वाढावे, हे त्यांना कोणी सांगितले? आणि जखम भरून आल्यावर थांबावे, हे तरी त्यांना कसे कळले?

हे सांगण्याचे काम काही विशिष्ट प्रथिने करतात. रक्त गोठत असताना रक्तबिंबिकांमधून ती बाहेर पडतात. त्यांना वृद्धिघटक असे म्हणतात. वृद्धिघटक पेशीपर्यंत येऊन पोहोचतो. परंतु पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे दुपदरी पटल असते आणि प्रथिनासारखा मोठा रेणू ते सहजासहजी ओलांडू शकत नाही. म्हणजे निरोप घेऊन आलेला बाहेरच थांबतो आणि निरोप मात्र आत केंद्रकापर्यंत जातो. तो कसा जातो, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञांना अनेक वर्षे पडलेला होता. त्याचे उत्तर शोधताना एका अगदी लहान आणि वरवर पाहता निरुद्योगी प्रथिनाशी त्यांची गाठ पडली. त्या प्रथिनाचा परिचय आपण येथे करून घेऊ.

प्रथम निरोप्याविषयी. स्टॅन्ली कोहेन हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ उंदरांच्या लाळग्रंथींच्या अर्काचा अभ्यास करीत होते. हा अर्क नवजात पिलांना टोचला असता एक विलक्षण गोष्ट घडली. उंदराच्या पिलाचे डोळे एरवी जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात; या पिलांचे डोळे आठवड्याभरातच उघडले. त्यांचे दातही लवकर आले. हा परिणाम घडवणारे द्रव्य कोहेन यांनी वेगळे केले आणि १९६२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. अवघ्या ५३ अमिनो आम्लांचे हे प्रथिन आज ‘ईजीएफ’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. पापण्यांच्या कडांची त्वचा त्याच्यामुळे लवकर परिपक्व झाली होती. या कार्याबद्दल कोहेन यांना रीटा लेव्ही-मोंताल्चीनी यांच्यासमवेत १९८६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेही रुग्णांच्या पायावरील लवकर न भरणाऱ्या जखमांवर लावण्यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेला ईजीएफ भारतातही औषध म्हणून वापरला जातो.

ईजीएफला पेशीच्या दारात अडवून त्याचा निरोप घेणारे जे प्रथिन असते, त्याला ग्राही असे म्हणतात. सुमारे बाराशे अमिनो आम्लांची ही लांब साखळी पेशीपटलातून आरपार गेलेली असते. तिचे डोके बाहेर आणि शेपूट आत असते. ईजीएफ डोक्याला चिकटला की दोन ग्राही एकमेकांच्या शेजारी येऊन जोडी जमवतात. मग त्यांचे आतील भाग कामाला लागतात आणि परस्परांच्या शेपटीवर ठरावीक जागी फॉस्फेटचे लहान लहान गट बसवतात. हे गट ज्या अमिनो आम्लावर बसतात, त्याचे नाव टायरोसीन. दाराच्या आतल्या बाजूला जणू खुणेच्या पताका लागतात.

टायरोसीनवर फॉस्फेट बसते, हे १९७९ सालापर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. सेरीन आणि थ्रिओनीन या दोन अमिनो आम्लांवर ते बसते, एवढेच ज्ञात होते. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत टोनी हंटर हे शास्त्रज्ञ विषाणूंमुळे होणाऱ्या गाठींचा अभ्यास करीत होते. फॉस्फेटयुक्त अमिनो आम्ले एकमेकांपासून वेगळी करण्यासाठी ते जे आम्लयुक्त द्रावण वापरत, ते त्यांनी त्या वेळी ताजे बनवले नाही, जुनेच वापरले. जुने झाल्यामुळे त्याची आम्लता किंचित वाढलेली होती. ताज्या द्रावणात टायरोसीनचा ठिपका थ्रिओनीनच्या ठिपक्यात मिसळून गेला असता. जुन्या द्रावणात तो वेगळा पडला आणि हंटर यांच्या नजरेस आला. निव्वळ नशीब म्हणून हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो. ते मला पूर्णपणे पटत नाही. अनपेक्षित ठिपका दिसताच तो पुसून न टाकता ‘हा कोण?’ असे विचारणे, हा काही नशिबाचा भाग नव्हे. सामान्य पेशीतील प्रथिनांवर जेवढे फॉस्फेट असते, त्यापैकी हजारात एक हिस्साही टायरोसीनवर नसतो. इतकी दुर्मीळ खूण आजवर नजरेतून सुटली होती, यात नवल नाही.

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. पेशीपटलाच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून ‘रास’ नावाचे एक लहान प्रथिन असते. ते दिव्याच्या बटणासारखे आहे. जीडीपी नावाचा रेणू धरून ठेवलेला असताना ते बंद असते. तो सुटून त्याच्या जागी जीटीपी आला की ते सुरू होते. रास सुरू झाले की पुढे प्रथिनांची एक मालिका एकामागून एक जागी होत जाते आणि तिचा शेवट केंद्रकात होतो. तेथे विभाजनासाठी लागणारी जनुके कामाला लागतात. माणसाच्या मूत्राशयातील गाठीच्या पेशींमध्ये रासच्या एकाच अमिनो आम्लात बदल झालेला असतो, असे १९८२ साली आढळून आले; या बदलामुळे हे बटण बंदच होत नाही. तेव्हापासून रासकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले गेले.

म्हणजे १९८० च्या दशकाच्या अखेरीस चित्र असे होते : एकीकडे ग्राहीच्या शेपटीवरील फॉस्फेटच्या पताका, दुसरीकडे रासचे बटण. ग्राही जागा झाला की रासही जागे होते, हे प्रयोगांतून दिसत होते. परंतु ग्राही रासला हात लावत नाही. मग मध्ये कोण होते?

या ‘मधल्या’चा पहिला धागा हाती लागला तो टोनी पॉसन यांच्या. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि कॅनडात कार्य केलेले पॉसन कोंबड्यांमध्ये गाठी उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. १९८६ साली त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या असे लक्षात आले, की या प्रथिनात सुमारे शंभर अमिनो आम्लांचा एक स्वतंत्र भाग आहे आणि तसाच भाग ‘सार्क’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनातही आहे. (या सार्कचा दक्षिण आशियाई राष्ट्रांच्या संघटनेशी काही संबंध नाही, सार्कोमा या कर्करोगाच्या नावावरून ते आले आहे.) सार्कशी साधर्म्य असलेला दुसरा भाग, या अर्थी त्याचे ‘एसएच-टू’ असे काहीसे रुक्ष नाव पडले. हा भाग म्हणजे एक लहानशी खाच आहे. फॉस्फेट बसलेले टायरोसीन तीत नेमके अडकते. फॉस्फेट नसलेले अडकत नाही. म्हणजेच पताका लागली आहे की नाही, हे ओळखणारा हात सापडला होता. याच्या जोडीला ‘एसएच-थ्री’ हा आणखी एक भागही परिचयाचा झाला. प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध असलेल्या साखळ्या तो पकडतो.

दोन वर्षांनी, १९८८ साली, हिदेसाबुरो हानाफुसा यांच्या प्रयोगशाळेने एक कोडेच समोर ठेवले. कोंबड्यांमध्ये कर्करोग उत्पन्न करणाऱ्या आणखी एका विषाणूतून त्यांनी ‘क्रक’ नावाचे प्रथिन शोधून काढले. पेशीला कर्करोगाकडे ढकलणारे प्रथिन म्हणजे काहीतरी रासायनिक क्रिया घडवणारे विकर असणार, अशी तेव्हा अपेक्षा असे. क्रकमध्ये तसे काहीच नव्हते. त्यात होते ते केवळ एसएच-टू आणि एसएच-थ्री, म्हणजे पकडणारे हात. स्वतः कोणतीही क्रिया न करणारे प्रथिन पेशीचे वर्तन पालटवून टाकते, हे कसे? ते कोणाला तरी कोणाजवळ तरी आणत असले पाहिजे, हाच त्याचा अर्थ होता.

ग्राही आणि रास यांच्यामधील नेमका दुवा मात्र माणूस, कृमी आणि माशी अशा तीन दिशांनी जवळजवळ एकाच वेळी उलगडला. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये जोसेफ श्लेसिंजर यांच्या प्रयोगशाळेत ईजीएफच्या ग्राहीला चिकटणारे २१७ अमिनो आम्लांचे एक मानवी प्रथिन सापडले. त्याचे नाव ‘ग्रब-टू’. त्याची रचना अत्यंत साधी आहे : मध्ये एक एसएच-टू आणि दोन बाजूंना एकेक एसएच-थ्री. बस्स. त्याच वर्षी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीत, अंडी घालण्याचा अवयव तयार होण्यासाठी लागणारे ‘सेम-फाइव्ह’ हे जनुक ओळखले गेले. त्यापासून बनणारे प्रथिन हुबेहूब याच घडणीचे निघाले. पुढील वर्षी तर शास्त्रज्ञांनी हे जनुक बिघडलेल्या कृमीत माणसाचे ग्रब-टू जनुक घातले, आणि कृमीचा दोष दूर झाला! माणूस आणि कृमी यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. परंतु हा मध्यस्थ दोघांच्याही घरात तोच राहिला.

माशीची कथा अधिक रंजक आहे. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी ड्रॉसोफिला ही फळमाशी जीवशास्त्रज्ञांची फार लाडकी. तिचा डोळा शेकडो सूक्ष्म नेत्रिकांचा बनलेला असतो आणि प्रत्येक नेत्रिकेत प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी असतात. त्यांतील सातवी पेशी अतिनील प्रकाश टिपते. काही माश्यांमध्ये ही सातवी पेशी तयारच होत नाही. अशा माश्यांमध्ये बिघडलेल्या जनुकाला ‘सेव्हनलेस’, म्हणजे ‘सातवीविना’, असे नाव मिळाले. हे जनुक एका ग्राहीचेच निघाले. दिल्ली आणि कानपूर येथे शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेत संशोधन करणारे उत्पल बॅनर्जी यांचा या अभ्यासात महत्त्वाचा वाटा आहे. सेव्हनलेसच्या पुढच्या पायरीवर काम करणारे एक जनुक त्यांच्या प्रयोगशाळेने १९९१ साली उजेडात आणले. त्याचे नाव ठेवले ‘सन ऑफ सेव्हनलेस’, म्हणजे सेव्हनलेसचा पुत्र, थोडक्यात ‘सॉस’. माशीवर काम करणाऱ्यांचा हा मिस्कीलपणा जुनाच आहे. सॉसचे काम काय, तर रासने घट्ट धरलेला जीडीपी सोडवणे. तो सुटला, की पेशीत विपुल असलेला जीटीपी त्याची जागा घेतो आणि बटण सुरू होते.

१९९३ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून हे तुकडे जुळवले. ग्रब-टूचे दोन एसएच-थ्री हात सॉसची प्रोलीनयुक्त शेपटी धरून असतात. मधला एसएच-टू हात मोकळा असतो. ईजीएफ आला, ग्राहीवर पताका लागली, की ग्रब-टू ती पताका पकडते आणि सॉस आपोआप त्याच्याबरोबर ओढले जाऊन पेशीपटलापाशी येते. पटलावर रास आहेच. सॉस आणि रास यांची गाठ पडते आणि निरोप पुढे जातो.

यातील मर्माची गोष्ट अशी, की ग्रब-टूने सॉसला नवे बळ दिलेले नाही. सॉस निरोप येण्याआधीही पेशीत होते आणि रासही होते. फक्त सॉस पेशीद्रवात सर्वत्र विखुरलेले होते आणि रास पटलाला खिळलेले होते. जत्रेच्या गर्दीत चुकामूक झालेली दोन माणसे दिवसभर हिंडली तरी त्यांची भेट होईलच असे नाही. एक जण दीपमाळेपाशी उभा आहे, असे कोणी सांगून दुसऱ्याला हाताला धरून तेथे नेले, तर मात्र ती घडीभरात भेटतात. ग्रब-टू करते ते एवढेच. हे अनुमान पारखून पाहण्यासाठी १९९४ साली एक सुरेख प्रयोग झाला. सॉसला पेशीपटलात रुतून बसणारे शेपूट कृत्रिमरीत्या जोडले, म्हणजे मध्यस्थाविनाच त्याला पटलापाशी आणून ठेवले. ईजीएफ नसतानाही रासचा मार्ग सुरू झाला. जवळ आणणे हेच खरे काम आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

अशा प्रथिनांना जीवशास्त्रात ‘ॲडाप्टर प्रथिने’ असे म्हणतात. भिंतीतील विजेच्या जोडणीत न बसणारी पिन जिच्यामुळे बसते, त्या वस्तूवरून हे नाव आले. आपण त्यांना जोडप्रथिने म्हणू. मला मात्र या ठिकाणी लग्न जमवणारा मध्यस्थ अधिक समर्पक वाटतो. त्याला मुलगी द्यायची नसते की करून घ्यायची नसते. पण दोन घरे त्याला ठाऊक असतात. ‘ना अध्यात ना मध्यात’ अशी माणसे असतात म्हणतात. जोडप्रथिन अध्यात नसले, तरी मध्यात मात्र नक्कीच असते.

निसर्गाने ग्राहीला थेट रासशी का जोडले नाही? मध्यस्थ ठेवल्याचे लाभ बरेच आहेत. पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही नाना प्रकारचे असतात. प्रत्येकाने आपापले स्वतंत्र यंत्र बाळगण्यापेक्षा शेपटीवर योग्य खूण ठेवली, की समाईक मध्यस्थ धावून येतो. शिवाय कोणती पताका कोणी धरायची, हेही ठरलेले असते. एसएच-टू भाग माणसाच्या शंभराहून अधिक प्रथिनांत आढळतो, पण प्रत्येकाची खाच थोडी निराळी असते. ग्रब-टूला फॉस्फेटयुक्त टायरोसीननंतर दुसऱ्या जागी ॲस्पॅराजीन हे अमिनो आम्ल हवे असते. ते नसेल तर ते तिकडे सहसा फिरकत नाही. एकाच ग्राहीच्या शेपटीवर निरनिराळ्या पताका असल्याने निरनिराळे मध्यस्थ येतात आणि एकाच निरोपाचे पेशीच्या आत अनेक अर्थ निघतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही पकड घट्ट नसते. ती काही क्षणांत सुटते, पुन्हा जुळते, पुन्हा सुटते. दुबळेपणा वाटावा अशी ही गोष्ट पेशीच्या दृष्टीने मोठी सोय आहे. कारण फॉस्फेट काढून घेणारी विकरे सतत फिरत असतात. मध्यस्थाचा हात सुटला, की ती पताका उतरवतात. इतकेच नव्हे, तर ग्रब-टू ‘सीबीएल’ नावाच्या आणखी एका प्रथिनालाही ग्राहीपाशी आणते. सीबीएल ग्राहीवर विल्हेवाटीची खूण करते. मग तो ग्राही पेशीच्या आत ओढला जातो आणि मोडून टाकला जातो. निरोप पोहोचवणारा मध्यस्थच अशा रीतीने निरोप संपवण्याची तजवीजही करतो. जखम भरल्यावर पेशींनी थांबावे कसे, या आरंभीच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे आहे.

हे थांबणे बिघडले तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग. या रुग्णांच्या रक्तपेशींमध्ये नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. या बदलातून आखूड झालेले गुणसूत्र प्रथम १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात दिसले, म्हणून त्याला ते नाव मिळाले. या अदलाबदलीमुळे ‘बीसीआर-एबीएल’ हे जोडप्रकृतीचे एक प्रथिन तयार होते, आणि ते स्वतःच्याच १७७ क्रमांकाच्या टायरोसीनवर सतत फॉस्फेट बसवत राहते. ग्रब-टूला ही पताका खरी की खोटी हे कळण्याचा मार्ग नाही. दारात कोणीही आलेले नसताना ते सॉसला घेऊन हजर होते. रक्तपेशी वाढतच जातात. हे एकच टायरोसीन बदलून टाकले, तर उंदरांमध्ये त्या प्रकारचा कर्करोग पूर्वीसारखा निर्माण होत नाही, असे २००० साली दाखवण्यात आले.

२००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब हे औषध बीसीआर-एबीएलची फॉस्फेट बसवण्याची जागाच अडवते. पताका लागत नाही, म्हणून मध्यस्थाला धरायला काही उरत नाही. काही वर्षांत मृत्यू ओढवणाऱ्या या रोगाचे रुग्ण आता रोज गोळी घेऊन दीर्घकाळ जगतात. या औषधाच्या एका रूपावरील एकस्वाचा दावा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या, कितीतरी कमी किमतीच्या गोळ्या रुग्णांना मिळत राहिल्या. त्या रोजच घ्यावयाच्या असतात. त्यामुळे किमतीतील हा फरक अनेक कुटुंबांच्या दृष्टीने जगण्या-मरण्यातील फरक होता.

मध्यस्थ अतिउत्साही झाला तर जसा घात होतो, तसा तो नाहीसा झाला तरीही होतो. एपस्टीन-बार हा विषाणू जगातील बहुतेक माणसांना केव्हा ना केव्हा गाठतोच; बहुतेकांना त्याचा विशेष त्रास होत नाही. परंतु काही कुटुंबांतील मुलगे या साध्या संसर्गानेच दगावत. १९९८ साली त्याचे कारण उमगले. त्यांच्यामध्ये ‘सॅप’ नावाचे जोडप्रथिन सदोष होते. अवघ्या १२८ अमिनो आम्लांचे हे प्रथिन म्हणजे जवळजवळ निव्वळ एक एसएच-टू भाग. रोगप्रतिकारक पेशींच्या ग्राहीला ते एका बाजूने धरते आणि दुसऱ्या बाजूने पुढील विकराला. ते नसेल, तर या पेशींना विषाणूग्रस्त पेशी ओळखूनही नीट मारता येत नाहीत. या जनुकाचे स्थान एक्स गुणसूत्रावर असल्याने रोग मुख्यतः मुलग्यांनाच होतो. वेळीच निदान झाल्यास अस्थिमज्जेचे रोपण करून त्यांना वाचवता येते.

मग ग्रब-टूलाच अडवणारे औषध का बनवू नये, असा विचार मनात येणे साहजिक आहे. तसे प्रयत्न १९९० च्या दशकापासून झाले आहेत. अडचणी दोन आहेत. एसएच-टूच्या खाचेत बसायचे तर रेणूवर फॉस्फेटसारखा ऋण विद्युतभार हवा, आणि असा भारित रेणू स्निग्ध पेशीपटलातून आत जात नाही. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. ज्या उंदरांमध्ये ग्रब-टूचे जनुक मुळीच नसते, ते गर्भावस्थेच्या अगदी आरंभीच मरतात. कारण निरोगी पेशींनाही हाच मध्यस्थ लागतो. म्हणून औषधे शोधणारे बहुतेक जण त्याच्या दोन्ही बाजूंना वळले. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत वापरले जाणारे गेफिटिनिब ईजीएफच्या ग्राहीला गप्प करते, तर २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सोटोरासिब हे बाराव्या जागी विशिष्ट बदल झालेल्या रासला बंद स्थितीत अडकवून ठेवते. निरोगी पेशींतील रासमध्ये तो बदल नसल्याने सोटोरासिब त्याला धरत नाही.